होता होता राहिलेलं

वाघमारे सिस्टर चालताना कायम खाली बघायच्या. नवीन माणसाला वाटायचं, बाई बुजरी आहे, नाहीतर हिचं काहीतरी हरवलंय. आश्रमात त्या व्यवस्थापक म्हणून रुजू झाल्या त्या दिवशी मलाही तसंच वाटलं. मी तिथला कारकून; त्यांच्यासाठी ऑफिसातली खुर्ची पुसून ठेवली होती, चहा सांगितला होता, आणि बाई ऑफिसात आल्याच नाहीत. व्हरांड्यात चपला काढून अनवाणी बायकांच्या हॉलमध्ये गेल्या. तिथल्या एका रिकाम्या खाटेवर बसल्या, गुडघ्यांवर हात टेकून म्हाताऱ्या माणसासारख्या उठल्या आणि भिंत चाचपत, पाय घासत न्हाणीपर्यंत गेल्या. तशाच परत आल्या. मग निऱ्यांना लागलेलं पाणी झटकत मला म्हणाल्या, "दादा, इथं कोणी ना कोणी रोज पडत असंल."

"नाही हो सिस्टर. आपल्याकडं कोणी पडत नाही."

मी खोटं बोललो नव्हतो. मला तसंच माहीत होतं. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि पुन्हा फरशीकडं बघत बाप्यांच्या हॉलकडं गेल्या.

आमचा वृद्धाश्रम परभणीहून गंगाखेडला जाताना, गाव यायच्या जरा अलीकडं, उसाच्या रानाला लागून आहे. भाऊसाहेब संस्थेचे अध्यक्ष. आईच्या माघारी त्यांनी स्वतःच्या वाटणीची जमीन देऊन तो बांधला. माणूस मनानं चांगला, पण आश्रमाच्या नावाला फार जपायचा. वर्तमानपत्रात आपलं नाव वाईट कारणानं येईल ही धास्ती त्यांच्या मनात कायम. म्हणून त्यांनी नियम केला होता की ज्याच्या कामाच्या वेळेत म्हातारं माणूस पडेल, त्याचा पगार कापायचा. नियम लागू झाला आणि आमच्या आश्रमात माणसं पडायचीच बंद झाली. निदान ऑफिसात तरी तसं कळत होतं.

सिस्टर सरकारी दवाखान्यातून निवृत्त होऊन आलेल्या. कामाचा मोठा अनुभव, उंच बांधा, आवाज मात्र इतका हळू की समोरच्याला आपलं बोलणं थांबवूनच ऐकावं लागायचं. गंगाखेडात त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. नवरा कधीच गेलेला, मुलगा हैदराबादेत नोकरीला. त्या घराला कुलूप लावून आश्रमातच, कोपऱ्यातल्या खोलीत राहायला आल्या. "तिथं तरी कुणासाठी दिवा लावायचाय," एवढंच एकदा म्हणाल्या होत्या.

आल्यानंतर थोड्याच दिवसांनी त्या चंद्रभागाबाईंची वेणी घालत होत्या. चंद्रभागाबाई म्हणजे राणीसावरगावकडची बोलकी बाई, मुलगा पुण्याला. पदर सरकला आणि खांद्यामागं वीतभर काळंनिळं दिसलं.

"माय, हे काय झालं?"

"भिंत लागली."

"भिंत मागून येऊन लागली व्हय?"

चंद्रभागाबाई हसल्या. त्यांनी एकदाच दाराकडं बघितलं. दारात वंदना उभी होती. वंदना आमच्याकडं म्हाताऱ्यांचं अंघोळ-पाणी बघायची. पस्तिशीची, अंगानं मजबूत, दोन पोरींना एकटीच वाढवणारी. सिस्टरनी वेणी पूर्ण घातली, रिबीन बांधली, मग उठून वंदनाच्या मागं धुण्याच्या दगडापर्यंत गेल्या. मी टाकीची मोटार बंद करायला तिथंच होतो. वंदना आधीच रडायला लागली होती.

"सिस्टर, मी सोडलं न्हाई त्यांना. साबण घ्यायला वाकले तेवढ्यात..."

"मी तुला इचारायलेय का कुणाची चूक? मी इचारायलेय कुठं पडल्या."

"पगार कापतेत हो."

"तू मला जागा दाखव."

दोघी न्हाणीत गेल्या. मोरीचं तोंड केसांनी बुजलं होतं, त्यामुळं पाणी तुंबत होतं, आणि तुंबलेल्या पाण्यावर साबणाचा बुळबुळीत थर. सिस्टरनी पदर खोचला, हात घालून केसांचा गोळा बाहेर काढला आणि वंदनाच्या समोर धरला. "हा बग, ह्यानं पाडलं त्यांना. ह्याचा पगार कापू का?"

वंदनाला रडता रडता हसू आलं. आश्रमात ती हसलेली मी पहिल्यांदा बघितली ती तेव्हा.

दुसऱ्या दिवशी सिस्टर भाऊसाहेबांशी बोलल्या. पगार कापणं बंद करा म्हणाल्या. भाऊसाहेब गोंधळले. "सिस्टर, मग धाक कसा राहील?"

"धाक होता म्हणून तर मला कळलं न्हाई, भाऊसाहेब. अंगावर एवढा डाग, आन् पडलेलं माणूस म्हणायलंय भिंत लागली. सांभाळणाऱ्या बाईची पोरं उपाशी राहतील म्हणून ती म्हातारी खोटं बोलायली. असला धाक काय करायचा?"

भाऊसाहेबांनी नियम मागं घेतला. मनापासून नव्हे, पण घेतला. आणि त्यानंतरच्या दिवसांत आमच्या आश्रमात इतकी माणसं पडली म्हणून सांगू! म्हणजे पडत आधीही होतीच, आता ऐकू यायला लागली. भाऊसाहेब हवालदिल झाले. "ही बाई आल्यापासून रोज एक पडायलंय," मला म्हणाले. सिस्टर मात्र खूश होत्या. गवंड्याला बोलावून त्यांनी उंबरे काढून टाकायला लावले, न्हाणीची फरशी खरबरीत करून घेतली, खाटांचे पाय कापून त्या बुटक्या केल्या. हळूहळू पडणं खरंच कमी झालं.

रोज संध्याकाळी चहा झाला की त्या सगळ्यांना लिंबाखाली बसवायच्या. म्हातारी माणसं, वंदना, स्वयंपाकीण, झाडलोटीची बाई, कधी मी. आणि विचारायच्या, "आज काय होता होता राहिलं?"

पहिले काही दिवस कोणी बोलेना. म्हाताऱ्यांना कळेनाच की ही बाई काय विचारतीय. मग त्याच सांगायच्या. "मी आज गरम पाण्याची बादली मधी ठिवली अन् कुणीतरी बोलावलं म्हणून गेले. बबनराव तिथनं काठी टेकत गेले. बादलीला काठी लागली. बादली पडली न्हाई, पण पडली असती." एवढंच. कोणी ओरडायचं नाही, कोणी शहाणपण सांगायचं नाही, हा तिथला कायदा. मग एक दिवस चंद्रभागाबाई म्हणाल्या, "मी चष्म्याबिगर उठले." मग बबनराव म्हणाले, त्यांच्या तोंडात घास अडकला होता पण लाजेनं सांगितलं नाही. मग स्वयंपाकिणीनं सांगितलं की ती भाजीतली हिरवी मिरची वगळायला विसरली. बघता बघता त्या बैठकीची गोडी लागली. एखाद्या दिवशी काहीच घडलं नसलं तर माणसं हिरमुसायची. बबनराव तर रचून सांगतात असा मला संशय होता.

या सगळ्याच्या मधोमध बसूनही सिस्टर एकट्या असायच्या. जेवण त्या खोलीत घेऊन जायच्या. एकदा काही विचारायला मी दारात गेलो, तर ताट टेबलावर ठेवून उभ्यानंच जेवत होत्या. "बसून जेवा की," मी म्हणालो. "बसले की लय शांत वाटतं," त्या म्हणाल्या. ते मला तेव्हा कळलं नाही. रविवारी सकाळी त्यांच्या मुलाचा फोन यायचा. यायचा म्हणजे बहुतेक वेळा यायचा. "व्हय, बरी हाय. तू? पोरगं शाळेत जातं का? बरं. ठेव, कामात असशील." एवढंच बोलणं. फोन ठेवल्यावर त्या थोडा वेळ तो हातातच धरून बसायच्या.

गोदाकाकूंची गोष्ट सांगायला हवी. गोदाकाकू जुन्या वळणाच्या, सोवळ्यात वाढलेल्या. सिस्टरचं आडनाव कळल्या दिवसापासून त्यांनी सिस्टरच्या हातचं पाणी घेतलं नाही. वंदनानं दिलेली गोळी घ्यायच्या, सिस्टरनी दिली तर खाटेवर ठेवा म्हणायच्या. तेवढं चाललं असतं. पण त्यांचा तोल जायचा, आणि उठताना सिस्टरनी हात पुढं केला की त्या हात मागं घ्यायच्या. दोनदा तशाच पडता पडता वाचल्या. वंदनाला राग यायचा. "पडू द्या त्या म्हातारीला," ती म्हणाली.

सिस्टरनी ते ऐकलं. पण त्या आठवड्यात गंगाखेडहून वेल्डिंगवाला आला, आणि गोदाकाकूंच्या खाटेपासून न्हाणीपर्यंत भिंतीला लोखंडी कठडा बसला. सिस्टर काकूंना म्हणाल्या, "मला धरू नका काकू. हे धरा."

काकूंनी कठडा धरला. शेवटपर्यंत धरला. पुढं तो सगळ्या आश्रमात बसवला गेला, पाहुणे आले की भाऊसाहेब अभिमानानं दाखवायचे. तो कशामुळं बसला ते त्यांना माहीत नव्हतं. गोदाकाकू गेल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांवर हात फिरवून ते सिस्टरनीच मिटले. जिवंतपणी त्या बाईनं सिस्टरचं बोटसुद्धा धरलं नव्हतं. मला वाटलं होतं, शेवटच्या आजारात तरी काही होईल, काकू काहीतरी बोलतील. तसं काही झालं नाही. सिस्टरनाही तशी अपेक्षा नव्हती बहुतेक. त्या दिवशी संध्याकाळी लिंबाखाली त्यांनी नेहमीसारखंच विचारलं.

बिराजीबाबांचं मात्र वेगळं होतं. बाबा मेंढरं वळणारे. जन्मभर कळपामागं पायी हिंडलेले. आता काही आठवत नव्हतं, पण पायांना चालायचं तेवढं आठवत होतं. फाटक उघडं दिसलं की बाबा निघाले. एकदा ते रेल्वेच्या रुळांपाशी सापडले, तेव्हा भाऊसाहेब स्वतः आले आणि फाटकाला कुलूप लावा, बाबांना दुपारचं खाटेला बांधून ठेवा म्हणून सांगून गेले. वंदनानं जुन्या मऊ लुगड्याची पट्टी करून बाबांचा पाय बांधला. मऊ घेतली होती, लागू नये म्हणून. बाबा ओरडले नाहीत. पट्टीकडं बघत बसले. थोड्या वेळानं ते "हुर्र, हुर्र" करत बसल्या जागी पाय हलवायला लागले.

सिस्टर परभणीला औषधं आणायला गेल्या होत्या. परत आल्या, बघितलं, आणि खाली बसून गाठ सोडली. पट्टीची घडी करून वंदनाच्या हातात दिली. बाबांना म्हणाल्या, "चला बाबा, मेंढरं बगून येऊ."

त्या दिवसापासून रोज उन्हं उतरली की दोघं रस्त्यानं चालत जायची. बाबा पुढं, सिस्टर मागं. वाटेतल्या चहावाल्याला, पेट्रोल पंपावरच्या माणसांना, वीटभट्टीवरच्या बायांना, ऊसतोड्यांच्या पाचटाच्या कोप्यांवर, सगळीकडं थांबून त्या ओळख करून द्यायच्या. "हे आमचे बिराजीबाबा. कधी एकटे दिसले तर पळत येऊ नका, धरू नका, भिऊन जातेत. सोबत चाला अन् आम्हाला फोन करा." मी एकदा सोबत गेलो होतो. वीटभट्टीवरची एक बाई बाबांना बघून म्हणाली, "आले का पाटील?" आणि बाबा थांबून तिच्याशी पावसापाण्याचं बोलले. वर्षानुवर्षं कोणी त्यांना काही विचारलं नव्हतं.

भाऊसाहेबांना हे समजलं तेव्हा ते चिडले. "रस्त्यावर काही झालं तर जिम्मेदारी कुणाची?"

"माझी," सिस्टर म्हणाल्या. "अन् खाटेला बांधलेलं असताना काही झालं तर कुणाची?"

पुढं बाबा दोनदा एकटे निघून गेले. एकदा चहावाला त्यांना गप्पा मारत घेऊन आला, एकदा उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हरशेजारी बसून आले. उतरताना ट्रॅक्टरवाल्यालाच सांगत होते की तुझी जनावरं नीट बांध.

मी एकदा सिस्टरना विचारलं होतं, तुम्हाला हे पडण्या-झडण्याचं एवढं का लागलंय. त्या औषधांच्या वाट्या पुसत होत्या. "माझी आई पडून गेली," त्या म्हणाल्या. "मी ड्युटीवर होते. घरात भरपूर माणसं होती. कशी पडली ते मला आजवर कुणी सांगितलं न्हाई. जो तो म्हणला, मी नव्हतो तिथं." वाटी उजेडात धरून बघितली, खाली ठेवली. "पडलं ते पडलं. पण कळायला तर पायजे होतं."

त्यानंतर आश्रमात जे झालं ते याच औषधांच्या वाट्यांमुळं.

चंद्रभागाबाईंच्या शेजारच्या खाटेवर चंद्रकलाबाई होत्या. त्यांना साखरेचा आजार, चंद्रभागाबाईंना फक्त गुडघ्यांचा. त्या सकाळी वंदना सुट्टीवर होती, बाबांना ताप होता, आणि बबनरावांना उलट्या होत होत्या. सिस्टर एकट्या सगळीकडं धावत होत्या. दोन वाट्यांची अदलाबदल झाली. साखरेची गोळी चंद्रभागाबाईंच्या पोटात गेली, आणि त्या दिवशी त्यांचा उपास, नुसता चहा घेतलेला.

दुपारी त्या घामानं भिजल्या. तोंडात बोलणं अडखळायला लागलं. सिस्टरनी एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा रिकाम्या वाट्यांकडं, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. हात मात्र थांबले नाहीत. साखर ओली करून गालाच्या आत चोळली, मला गाडी काढायला लावली. परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, काय झालं? सिस्टर म्हणाल्या, "मी दुसरीची गोळी दिली. साखरेची. सकाळच्या नाश्त्याच्या वेळी." डॉक्टरनं मान वर करून त्यांच्याकडं बघितलं आणि लगेच सलाईनची बाटली बदलायला सांगितली. खरं कळल्यामुळं त्यांना अंधारात चाचपडावं लागलं नाही. बाई वाचल्या.

वाचल्या, पण पहिल्यासारख्या झाल्या नाहीत. आश्रमात परत आल्या तेव्हा त्यांचं बोलणं आटलं होतं. व्हरांड्यात यायच्या नाहीत, भिंतीकडं तोंड करून पडून राहायच्या.

त्यांचा मुलगा पुण्याहून आला. बऱ्याच दिवसांनी आला होता. भाऊसाहेबांनी त्याला ऑफिसात बसवून चहा दिला आणि समजावलं, "वय झालंय. अचानक साखर कमी झाली. आपण वेळेवर हलवलं म्हणून..." मी टेबलापाशी होतो. सिस्टर दारातून आत आल्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

"साखर कमी झाली न्हाई," त्या मुलाला म्हणाल्या. "मी केली. माझ्या हातनं चुकीची गोळी गेली."

भाऊसाहेब अर्धवट उठले आणि परत बसले. मुलाच्या हातातला कप तसाच राहिला. मग तो ओरडायला लागला. तो काय काय बोलला ते लिहीत नाही. आईला असं टाकून जाणाऱ्या माणसाच्या मनात जे साठलेलं असतं ते सगळंच त्या दिवशी बाहेर आलं, आणि सिस्टर उभ्या राहून ऐकत होत्या. तो दमला तेव्हा खुर्चीत बसला आणि एकदम खालच्या आवाजात म्हणाला, "तुमी सांगितलं नसतं तर मला कळलं असतं का?"

"न्हाई."

"मग कामून सांगितलं?"

 "तुमची आई हाय ती," त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी, दवाखान्याची धावपळ सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच, बैठक झाली. भाऊसाहेब गेले नव्हते, लांब गाडीपाशी उभे होते. सिस्टर लिंबाखाली बसल्या. त्यांनी विचारायच्या आधी सगळ्यांकडं बघून घेतलं आणि म्हणाल्या, "आज मला सांगायचंय. माझं होता होता राहिलं न्हाई. झालं." आणि सगळं सांगितलं. कुठल्या वाट्या, कशा शेजारी ठेवल्या, लक्ष कुठं होतं.  वंदना तोंडाला पदर लावून बसली होती. कोणी ओरडलं नाही, कोणी शहाणपण सांगितलं नाही. शेवटी बबनराव म्हणाले, "इथनं पुढं गोळी देताना आमचं नाव आम्हालाच इचारत जा की, सिस्टर." तसं ठरलं.

मुलानं पोलिसात तक्रार केली नाही. पण पुण्यात, पाहुण्यांत, फोनवरच्या ग्रुपात सगळीकडं सांगितलं. दोन घरांनी आपली माणसं काढून नेली. संस्थेच्या मीटिंगमध्ये जे व्हायचं ते झालं. निरोप भाऊसाहेबांनी स्वतः दिला, दुसऱ्यावर सोपवला नाही, एवढं त्यांच्या बाजूनं म्हणतो.

"सिस्टर, चुकलात म्हणून न्हाई," ते म्हणाले. त्यांना बोलणं जड जात होतं. "चूक झाकता आली असती. तुमी सांगितलंत, आता मला झाकता येत न्हाई."

"बरोबर हाय तुमचं," सिस्टर म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण भाऊसाहेब, वंदनाला मी काय सांगू? सांगत जा म्हणून मीच शिकवलं तिला."

 भाऊसाहेब खिडकीतून उसाकडं बघत राहिले.

सिस्टर दुपारच्या गाडीनं गेल्या. म्हातारी माणसं झोपली होती. त्यांनी कोणाला उठवलं नाही. बिराजीबाबा तेवढे जागे होते, ते आमच्यासोबत रस्त्यापर्यंत चालत आले, रोजच्यासारखेच, पुढं पुढं. गाडी आली. सिस्टरनी बाबांच्या फेट्याचं सुटलेलं टोक आत खोचलं आणि चढल्या. बाबा मला म्हणाले, "बाई चांगली हाय. कुणाची हो?"

नवे व्यवस्थापक आले. फाटकाला कुलूप लागलं. बाबा दिवसभर फाटकाची सळई धरून उभे राहायला लागले, पुढच्या हिवाळ्यात गेले. लिंबाखालची बैठक बंद झाली, तिथं व्यवस्थापकांची मोटारसायकल उभी राहायला लागली.

एक दिवस वंदना ऑफिसात आली. व्यवस्थापक बसलेले, मी बसलेलो. ती हात पुसत उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, चंद्रभागाबाईंना मी एकटीनं उचललं. दोघींनी उचलायचं असतं. त्या निसटल्या, खाटेच्या काठावर बसल्या. लागलं न्हाई काही. पण मी सांगायला आलेय."

"लागलं नाही ना? मग कशाला सांगतेस?" व्यवस्थापक म्हणाले.

"सांगायचं असतं," वंदना म्हणाली.

 व्यवस्थापकांनी तिला जायला सांगितलं. पगार कापला नाही, पण कौतुकही केलं नाही.

हे सांगायला मी मुद्दाम गंगाखेडला सिस्टरच्या घरी गेलो. दुपार होती. दार उघडंच होतं. त्या आत एकट्या बसल्या होत्या, टीव्ही चालू पण आवाज बंद. मला बघून घाईनं उठल्या, खुर्ची दिली. आश्रमाबद्दल काही विचारलं नाही. मीच वंदनाचं सांगितलं. तिनं काय म्हटलं, कशी उभी होती, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. मग उठून आतल्या खोलीत गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. नळाचं पाणी वाहतंय तेवढं ऐकू येत होतं. बाहेर आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं. "लागलं न्हाई ना चंद्रभागाबाईंना?" म्हणाल्या. नाही म्हणालो. "एकटीनं उचलत जाऊ नको म्हणावं." आणि चहा ठेवायला गेल्या. चहा झाल्यावर मी निघालो तर म्हणाल्या, "बसा की जरा." मी थोडा वेळ बसलो.  दोघंही त्या मुक्या टीव्हीकडं बघत बसलो.

नंतर त्यांना मी एकदाच बघितलं. गंगाखेडच्या बसस्टँडवर. मी परभणीच्या गाडीची वाट बघत होतो, गाडीला उशीर होता. पलीकडच्या बाकावर सिस्टर बसल्या होत्या, मांडीवर लहानशी पिशवी. मला वाटलं, राणीसावरगावला कुणाकडं निघाल्या असतील. तिकडची गाडी आली, भरली, गेली. सिस्टर बसूनच होत्या. मग नांदेडची आली, तीही गेली. त्यांनी पाटीकडं बघितलंसुद्धा नाही. येणारी-जाणारी माणसं बघत होत्या. शेजारी बाई बसली की जरा सरकून जागा द्यायच्या, काहीतरी विचारायच्या, ती बाई उठून गेली की पुन्हा हात मांडीवर. मग माझ्या ध्यानात आलं की त्यांना कुठंच जायचं नव्हतं. त्या इथं माणसांत बसायला आल्या होत्या.

मी उठून जावं म्हणून पिशवी उचलली, तेवढ्यात परळीची गाडी लागली. एक फार थकलेली म्हातारी गाठोडं छातीशी धरून पायरीपाशी अडली होती. पाय वर जात नव्हता, मागची माणसं ढकलत होती. सिस्टर उठून गर्दीतून तिच्यापर्यंत गेल्या. त्यांनी गाठोडं काढून घेतलं, तिचा एक हात दांड्यावर ठेवला, स्वतःचा हात तिच्या काखेत घातला आणि कानाशी काहीतरी बोलल्या. म्हातारी चढली. आत तिला जागा मिळाली. सिस्टर खालून खिडकीपाशी गेल्या, गाठोडं आत दिलं, आणि कंडक्टरला म्हणाल्या, "बसल्यात आता. मारा घंटी."

गाडी निघाली. खिडकीतून म्हातारीनं हात बाहेर काढला होता, तो वळणापर्यंत दिसत होता. सिस्टरनीही हात वर केला. गाडी दिसेनाशी झाल्यावरही तो हात थोडा वेळ तसाच वर होता. मग त्या परत येऊन बाकावर बसल्या, आणि माझी गाडी आली.